डोपिंग उघडं पाडणाऱ्या सायकलपटूंचं पुढे काय झालं? आणि आपल्या पोराच्या पाठीशी कोण?

पांझराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

धागा काढायचं कारण आधी सांगतो. आपल्या भागातल्या एका सायकल शर्यतीत अकरावीतल्या एका पोराने दोन मोठ्या स्पर्धकांना सुरुवातीआधी गाडीत बसून इंजेक्शन घेताना पाहिलं. शर्यत संपल्यावर त्याने ते आयोजकांच्या कानावर घातलं. शर्यत कुठली, तालुका कुठला हे मी लिहिणार नाही, आणि प्रतिसादांतही कुणी लिहू नये ही हात जोडून विनंती. पुढे झालं ते असं: पोराला सरावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. ज्या दादालोकांच्या मागे तो रोज पहाटे सायकल काढायचा, त्यांनी त्याला सोबत घेणं बंद केलं. "मागे पडला म्हणून जळतो" अशी कुजबुज सुरू झाली. इंजेक्शनबद्दल मात्र कुणी कुणाला एका शब्दाने विचारलं नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते एका जबाबदार माणसाचं वाक्य. "खान्देशात आत्ता कुठे सायकलिंग रुजायला लागलंय, आणि या पोराने बदनामी केली."

युरोपातल्या सायकलिंगमध्ये हेच वाक्य वर्षानुवर्षं बोललं गेलं. त्याचा शेवट काय झाला ते आपल्याला ठाऊक असायला हवं, म्हणून सविस्तर लिहितो.

१९९८ची टूर द फ्रान्स सुरू व्हायच्या तोंडावर, ८ जुलैला, फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्हूट फ्रान्स-बेल्जियम सीमेवर पकडला गेला. गाडीत ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध), ग्रोथ हार्मोन, टेस्टोस्टेरॉन असा साठा. संघाला शर्यतीतून काढलं. पोलीस इतर संघांच्या हॉटेलांत शिरले, तेव्हा सायकलपटू रस्त्यावर बसले. निषेध औषधांचा नव्हता, पोलिसांचा होता. १८९ जण निघाले होते, पॅरिसला ९६ पोचले. सायकलिंग आता संपलं असं तेव्हा सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात त्याच धक्क्यातून १९९९मध्ये वाडा ही उत्तेजकविरोधी जागतिक संस्था उभी राहिली.

त्याच फेस्टिना संघात ख्रिस्तोफ बासाँ नावाचा एक तरुण होता. संघातला हा एक जण काही घेत नाही, असं चौकशीत त्याच्या सहकाऱ्यांनीच सांगितलं. पुढच्या वर्षीच्या टूरमध्ये तो 'ल पारिझियाँ' या वृत्तपत्रात लिहीत होता. वेग अजूनही संशयास्पद आहे, असं त्याने स्पष्ट लिहिलं. झालं! घोळक्यातलं कुणी त्याच्याशी बोलेना. आल्प द्युएझच्या टप्प्यावर अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग सायकल त्याच्या शेजारी घेऊन आला आणि त्याला घरी जायला सांगितलं. एक-दोन दिवसांत बासाँने शर्यत सोडली, २००१मध्ये व्यावसायिक सायकलिंगच सोडलं. आर्मस्ट्राँगने ती टूर जिंकली आणि त्यानंतरच्या आणखी सहा.

दुसरा फिलिप्पो सिमेओनी, इटलीचा. त्याने डॉक्टर मिकेले फेरारीविरुद्ध डोपिंगच्या प्रकरणात साक्ष दिली होती. हा फेरारी आर्मस्ट्राँगचाही सल्लागार. २००४च्या टूरमध्ये एका टप्प्यावर सिमेओनी पुढच्या लहान गटाला जाऊन मिळायला निसटला. एकूण क्रमवारीत तो इतका मागे होता की त्याच्यापासून कुणाला काही धोका नव्हता. तरी पिवळी जर्सी, म्हणजे एकूण क्रमवारीतल्या पहिल्याची जर्सी, घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे सुटला. पिवळी जर्सी सोबत आहे म्हटल्यावर मागचा घोळका त्या गटाला जाऊ देणार नाही, हे पुढच्यांना कळलं आणि त्यांनी सिमेओनीलाच मागे जायला सांगितलं. मागे आल्यावर आर्मस्ट्राँगने कॅमेऱ्यासमोर ओठांवरून झिप ओढल्याची, म्हणजे तोंड बंद ठेव अशी, खूण केली.

आपल्या पोराला ग्रुपमधून काढलं हे ऐकल्यापासून मला ती खूण आठवते आहे.

एमा ओ'रायली आर्मस्ट्राँगच्या संघात मालिशचं काम करायची. १९९९च्या टूरमध्ये आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात कॉर्टिसोन सापडलं, तेव्हा मागची तारीख घालून डॉक्टरची चिठ्ठी तयार झाली, हे तिने पत्रकार डेव्हिड वॉल्शला सांगितलं. बदल्यात तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाले आणि खटला भरला गेला. तीन वेळा टूर जिंकलेला ग्रेग लेमाँड २००१मध्ये फेरारीबद्दल चार शब्द बोलला, तर त्याच्यावर इतका दबाव आला की त्याला जाहीर माघार घ्यावी लागली. पुढे त्याच्या नावाने सायकली बनवणाऱ्या ट्रेक कंपनीशीही त्याचं बिनसलं आणि २००८मध्ये तो ब्रँड बंद झाला.

आता माझं म्हणणं. ही सगळी माणसं खरं बोलत होती, पण एकेकटी बोलत होती. एकटं बोलणारा खोटा, मत्सरी, वेडा ठरवता येतो. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या यूसाडा या उत्तेजकविरोधी संस्थेने निकालपत्र बाहेर काढलं, त्यात २६ जणांच्या शपथेवरच्या साक्षी होत्या आणि त्यातले ११ आर्मस्ट्राँगचे जुने सहकारी होते. तेव्हा कुठे भिंत पडली. बारा दिवसांत यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक महासंघाने त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली.

आपला पोरगा आज एकटा आहे. त्याच्या बाजूने कोण काय करू शकतं, यावर बोलूया.

केळीबाग_रावेर

भाऊ, धागा मनापासून लिहिलाय. पोराशी जे वागले ते वाईटच. पण मी स्वतः गावोगाव वर्गणी मागून शर्यती भरवल्या आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

उघड झाल्याचा भुर्दंड चोराने एकट्याने भरला असं युरोपातही झालं नाही. २००७च्या टूरमध्ये एका जर्मन सायकलपटूचा नमुना दोषी निघाला, तर एआरडी आणि झेडडीएफ या तिथल्या दोन मोठ्या वाहिन्यांनी थेट प्रक्षेपण मध्येच थांबवलं. त्याच वर्षाअखेर टी-मोबाइलने संघाचा खर्च सोडला. जर्मनीची स्वतःची शर्यत, डॉइचलँड टूर, २००८नंतर बंद पडली ती २०१८लाच परत आली. २०१२मध्ये राबोबँकेने सतरा वर्षांनी व्यावसायिक संघातून अंग काढलं. यात सायकली दुरुस्त करणारे गेले, स्वयंपाकी गेले, ज्यांनी आयुष्यात सुई पाहिली नव्हती अशी विशीतली पोरं बेकार झाली.

आपल्याकडे प्रायोजक कोण? बियाणांचं दुकान, ठिबकचा डीलर, एखादी पतसंस्था. केळीचा भाव पडला तरी वर्गणी निम्म्यावर येते. पेपरात "सायकल शर्यतीत इंजेक्शन" अशी एक बातमी आली की पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करणार नाही. मग बक्षिसं कुठून, ॲम्ब्युलन्स कुठून? त्या दोघांना बोलावून समज द्यावी, पोराला परत ग्रुपमध्ये घ्यावं. घरातलं घरात मिटावं, एवढंच म्हणणं.

शिक्षिका_अमळनेर

केळीबागदादा, तुमच्या शर्यतींना मी माझ्या मुली घेऊन आले आहे. तुमची तळमळ माहीत आहे, म्हणूनच तुमच्याशी वाद घालते.

घरातलं घरात मिटवणं हेच तर १९९९मध्ये झालं. ती मागच्या तारखेची चिठ्ठी सायकलिंग चालवणाऱ्यांनी मान्य केली. का? फेस्टिनाच्या वर्षभरानंतर त्यांना एक स्वच्छ गोष्ट हवी होती, आणि कर्करोगातून उठून जिंकणारा माणूस समोर होता. चिठ्ठी खोटी होती हे आर्मस्ट्राँगने २०१३च्या जानेवारीत टीव्हीवर कबूल केलं. तेव्हाच धरलं असतं तर एका शर्यतीचा निकाल बदलला असता. मिटवलं म्हणून सात वर्षांच्या विजेत्यांची जागा आज कोरी आहे, कारण यूसीआयने ती विजेतेपदं दुसऱ्या क्रमांकालाही दिली नाहीत. तुम्ही जर्मनीचं आणि राबोबँकेचं जे नुकसान सांगितलंत ते खरंच आहे. पण त्याचं बिल बासाँच्या नावावर का फाडायचं? ज्यांनी दहा-पंधरा वर्षं झाकून ठेवलं त्यांच्यामुळे ते एवढं फुगलं.

आणि हे फक्त तिकडचं दुखणं नाही. २०२३मध्ये भारतात नाडाने, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, ५,६०६ नमुने तपासले, त्यातले ३.८ टक्के दोषी निघाले. एवढ्या मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांमध्ये हे प्रमाण सगळ्यात जास्त. त्याच वर्षी दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे अधिकारी आल्याची बातमी पसरली आणि १०० मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उभा राहिला. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मुली हसल्या नाहीत. एकीने विचारलं, "मॅडम, मग त्याच्याआधी आम्ही ज्यांच्याशी हरलो त्यांचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भो_चोपडा

खरं शे भो. पोऱ्यानी काहीच चूक नई. वाचतोय, धागा वर राहू द्या.

भूलतज्ज्ञ_जळगाव

धागाकर्ते, त्या इंजेक्शनच्या बाटलीचा फोटो आहे का? असल्यास इथे टाकू नका, मला व्यक्तिगत निरोपात पाठवा.

अंदाज सांगतो. गेली काही वर्षं महाराष्ट्रात जिमच्या आसपास जे इंजेक्शन वारंवार जप्त होतंय, ते मेफेन्टरमाइन. हे आमचं रोजचं औषध आहे. सिझेरियनसाठी पाठीत भूल दिली की आईचा रक्तदाब खाली येतो, तो वर आणायला आम्ही ते देतो. तेव्हा समोर मॉनिटर असतो, शिरेत सलाईन असतं, मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेली असते आणि काही बिघडलं तर मी तिथे उभा असतो. तेच औषध गाडीत बसून, अंदाजे ओढून, दंडात टोचून चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल हाणायची, म्हणजे हृदय आधीच १७०-१८० ठोक्यांवर पळणार असताना त्याला वरून चाबूक मारायचा. वाडाच्या बंदी यादीत हे औषध उत्तेजक म्हणून आहे.

यात आपल्या हवामानाचा भाग मोठा आहे. १९६७च्या टूरमध्ये टॉम सिम्प्सन हा ब्रिटिश सायकलपटू माँ व्हाँतूच्या चढावर कोसळून गेला. वय २९. भयंकर ऊन होतं, शरीरात ॲम्फेटामिन आणि दारू सापडली. उत्तेजक घेतल्यावर शरीर "थांब" म्हणतं ते माणसाला कळत नाही. आता एप्रिल-मे महिन्यातला जळगाव-भुसावळचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. पारा ४४च्या पुढे जातो, डांबर तापलेलं असतं. उष्माघाताचे रुग्ण आम्ही दर उन्हाळ्यात बघतो, आणि ते काहीही न टोचलेले असतात.

ईपीओबद्दलही थोडं, कारण नाव सगळे घेतात पण ते काय हे माहीत नसतं. किडनी निकामी झालेल्या, डायलिसिसवरच्या रुग्णांना आम्ही ते देतो, कारण त्यांच्या शरीरात रक्त कमी तयार होतं. धडधाकट माणसाने घेतलं तर लाल पेशी गरजेपेक्षा वाढतात, स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो आणि रक्त घट्ट होतं. १९९७मध्ये यूसीआयने लाल पेशींच्या प्रमाणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली, कारण ईपीओ थेट ओळखणारी चाचणीच तेव्हा नव्हती. ती २००० साली आली. २००८पासून वरच्या स्तरावरच्या व्यावसायिक सायकलपटूंच्या रक्ताची नोंद वर्षानुवर्षं ठेवतात आणि त्यातले चढउतार बघतात. ही सगळी यंत्रणा कुणीतरी तोंड उघडलं म्हणून बनली.

भरती_धुळे

मी पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

मी पोलीस भरतीची तयारी करतो. सायकलचं मला फारसं माहीत नाही, पण सुईचं माहीत आहे. १६०० मीटरला २० गुण असतात. काही सेकंदांनी गुण खाली येतात आणि अर्ध्या गुणावर यादी अडते. ग्राउंडच्या आदल्या दिवशी लॉजवर माणसं फिरतात. "टोचून जा, दम लागणार नाही" म्हणतात. मी घेतलं नाही. माझ्याबरोबर राहणाऱ्या एकाने घेतलं, त्याची छाती रात्रभर धडधडत होती, आम्ही त्याला दवाखान्यात नेलं.

त्याला शिव्या घालणाऱ्यांना मला एकच सांगायचंय. त्याच्या घरी कोरडवाहू कापूस आहे, बोंडअळीने दोनदा गेला. बहिणीचं लग्न व्हायचंय. वय निघून चाललंय. तो वाईट पोरगा नाही. वाईट तो, जो लॉजवर येऊन पाचपट भावाने विकतो आणि सकाळी निघून जातो. तुम्ही तक्रार कराल तेव्हा पोरांची नावं आधी नका घेऊ, बाटली कुठून आली ते आधी विचारा.

शिक्षिका_अमळनेर

भरती_धुळे, बाळा, फार चांगलं लिहिलंस. लिहीत राहा.

गिरणाई

एक प्रश्न मनात आहे. माझा भाऊ कर्करोगाने आजारी होता तेव्हा त्याच्या मनगटावर आर्मस्ट्राँगच्या कर्करोग संस्थेचा तो पिवळा पट्टा होता. आर्मस्ट्राँगचा फोटो भिंतीवर होता. भाऊ राहिला नाही, पण शेवटचे महिने त्या माणसाकडे बघून त्याने काढले. २०१२मध्ये बातमी वाचली तेव्हा मला त्या अधिकाऱ्यांचाच राग आला होता. अजूनही पूर्ण गेला नाही. त्याने मिळवून दिलेला धीर खोटा होता का? हे सगळं उकरून कुणाचं भलं झालं?

सातपुडा_सायकल

गिरणाईताई, तुमच्या भावाला मिळालेला धीर खरा होता. तो कुणी काढून घेऊ शकत नाही, यूसाडाही नाही.

पण याच गोष्टीत आणखी एक बाई आहे, तिचं सांगतो. बेट्सी अँड्र्यू, आर्मस्ट्राँगच्या सहकाऱ्याची बायको. १९९६च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या आजारपणात ती आणि तिचा नवरा इस्पितळात त्याच्या खोलीत होते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आपण ईपीओ, ग्रोथ हार्मोन आणि बाकीचं घेतल्याचं तो म्हणाला, हे तिने ऐकलं. पुढे तिला शपथेवर विचारलं गेलं आणि तिने ऐकलं ते सांगितलं. त्यानंतर कित्येक वर्षं ती मत्सरी, वेडी ठरली, नवऱ्याची कामं गेली. ती काही सायकलपटू नव्हती, तिला यातून पदक मिळणार नव्हतं. तुमच्या भावाच्या भिंतीवरचा फोटो जपण्यासाठी या बाईने खोटं बोलायला हवं होतं का? मला नाही वाटत तुम्ही हो म्हणाल.

भरती_धुळेने लिहिलं त्यालाही जोडून लिहितो. घेणाऱ्याचंही पुढे भलं होतंच असं नाही. मार्को पंतानी, इटलीचा चढावरचा राजा, १९९८मध्ये त्याने जिरो ही इटलीची मोठी शर्यत आणि टूर दोन्ही जिंकल्या. १९९९च्या जिरोमध्ये आघाडीवर असताना, शर्यत संपायला अगदी थोडं उरलं असताना त्याचं रक्त मर्यादेबाहेर निघालं आणि त्याला घरी पाठवलं. त्या धक्क्यातून तो सावरला नाही. १४ फेब्रुवारी २००४ला रिमिनीच्या एका हॉटेलात एकटा मरून पडलेला सापडला, कोकेनमुळे. वय ३४. त्याला पकडला ते योग्यच, पण पकडल्यानंतर त्याला कुणी सांभाळलं नाही. ज्या लोकांनी त्याच्या भोवती वर्षानुवर्षं कमावलं ते तेव्हा कुठे होते? म्हणून आपल्याकडच्या त्या दोघा स्पर्धकांनाही वाळीत टाकायचा विचार कुणी करू नये.

आता मुद्द्याचं. मी त्या शर्यतीला होतो. पाण्याच्या टेबलावर होतो आणि ती गाडी माझ्यापासून लांब नव्हती. सिरिंज मी पाहिली, आणि त्याच दिवशी आयोजकांपैकी एकाला तोंडी सांगितलंही. पोराने सांगितलंय आणि त्यालाच खोटं पाडताहेत हे मला हा धागा वाचून कळलं. मी शहाद्याकडचा, तिकडच्या ग्रुपमध्ये नाही. पोराने जे पाहिलं ते मीही पाहिलं, असं मी सही करून लिहून देतो.

पांझराकाठ (धागाकर्ता)

सातपुडा, काय बोलू! आज संध्याकाळीच पोराच्या वडिलांना सांगतो. ते पूर्ण खचले आहेत. "लेकराला सायकल घेऊन दिली हेच चुकलं" म्हणत होते.

भूलतज्ज्ञसाहेब, फोटो आहे. निरोप पाठवलाय.

निमगाव_नाका

एक शंका. फ्लॉइड लँडिस नावाच्याने तर भांडाफोड करून पैसे कमावले असं वाचलं. मग सगळेच सांगणारे काही साधू नसतात.

सातपुडा_सायकल

बरोबर, लँडिस साधू नव्हता. २००६ची टूर जिंकला, टेस्टोस्टेरॉनसाठी पकडला गेला, विजेतेपद गेलं. त्यानंतर काही वर्षं आपण निर्दोष असल्याचं सांगत लोकांकडून खटल्यासाठी देणग्या घेतल्या. २०१०मध्ये स्वतःसकट सगळ्यांचं उघड केलं. आर्मस्ट्राँगच्या ज्या संघात तो आधी होता, त्याचा खर्च अमेरिकेचं टपाल खातं करत होतं, म्हणजे सरकारी पैसा. सरकारला फसवणाऱ्याची माहिती देणाऱ्याला वसुलीतला वाटा मिळतो असा तिथला कायदा आहे. २०१८मध्ये आर्मस्ट्राँगने ५० लाख डॉलर देऊन तो खटला मिटवला, त्यातले ११ लाख लँडिसला मिळाले. पण त्याच्या सांगण्यानंतरच चौकशीला वेग आला आणि त्याने सांगितलेलं खरं निघालं. सांगणारा चांगला माणूस असायलाच हवा अशी अट घातली तर खेळातलं काहीच बाहेर येणार नाही, कारण आतलं आतल्यालाच माहीत असतं.

आपल्या पोराच्या बाबतीत तर हा प्रश्नही नाही. त्याने काही घेतलेलं नाही, त्याला काही मिळायचंही नाही.

भूलतज्ज्ञ_जळगाव

फोटो पाहिला. लेबल स्पष्ट वाचता येतंय. मेफेन्टरमाइनच आहे, बॅच क्रमांकही दिसतोय. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. बॅच क्रमांकावरून ते कुठल्या घाऊक विक्रेत्याकडे गेलं हे अन्न व औषध प्रशासन शोधू शकतं. भरती_धुळेने जे मागितलं, बाटली कुठून आली, त्याचा हाच रस्ता. औषध ओळखल्याचं माझ्या लेटरहेडवर लिहून देतो, नोंदणी क्रमांकासह.

वकील_भुसावळ

सगळं वाचलं. कामाचं लिहितो.

पहिली गोष्ट, इथे किंवा व्हॉट्सॲपवर त्या दोघांची नावं कुणीही लिहू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली बदनामीचा गुन्हा होतो. सक्षम अधिकाऱ्याकडे सद्‌हेतूने केलेली तक्रार मात्र त्याच कलमातल्या अपवादात बसते. म्हणजे जे चौकात बोलायचं नाही ते अर्जात बिनधास्त लिहायचं. वॉल्श ज्या 'संडे टाइम्स'मध्ये लिहायचा त्या पेपरला २००६मध्ये आर्मस्ट्राँगशी ३ लाख पौंडांवर तडजोड करावी लागली होती. २०१२नंतर पेपरने ते पैसे परत मागितले आणि तडजोडीत मिळवले, पण तेवढी वर्षं थांबायची ताकद आपल्या पोराच्या बापात नाही.

दुसरी गोष्ट, पोराच्या बाजूने नियम आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत २०२१पासून कलम २.११ आलं. डोपिंगची माहिती देणाऱ्याला धमकावणं किंवा त्याचा सूड घेणं हाच मुळी डोपिंगचा गुन्हा धरला जातो, ज्याने काही टोचून घेतलेलं नाही त्यालाही. आपल्याकडे २०२२चा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा आहे आणि नाडाचे नियम याच संहितेवर बेतलेले आहेत. नाडाकडे माहिती देता येते, वाडाचंही 'स्पीक अप' हे वेगळं दालन आहे, तिथे नाव न सांगताही लिहिता येतं. अडचण अशी की तालुक्याच्या खुल्या शर्यतीतला प्रत्येक स्पर्धक राष्ट्रीय महासंघाच्या कक्षेत येतोच असं नाही. त्या दोघांपैकी कुणी राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेला उतरला असेल तर येईल. ते तपासा.

म्हणून अर्ज दोन करा. एक नाडाला. दुसरा अन्न व औषध प्रशासनाला, औषधाच्या बेकायदा विक्रीबद्दल. दुसऱ्यात खेळाचा संबंध असो नसो, कारवाई होऊ शकते.

तिसरी गोष्ट, पोरगा अल्पवयीन आहे. अर्जावर तो एकटा नको.

केळीबाग_रावेर

मी अजूनही म्हणतो की पेपरात जाऊ नये. आधी अर्ज, मग चौकशी. पण एक काम मी केलं. आमच्या शर्यतीला दरवर्षी पहिलं बक्षीस देणाऱ्या बियाणेवाल्या शेठना आडून विचारलं, असं काही निघालं तर हात काढाल का म्हणून. ते म्हणाले, "निघालं म्हणून नाही काढणार. माझ्या नावाच्या बक्षिसावर सुई टोचलेला उभा होता आणि तुम्हाला माहीत होतं, असं कळलं तर काढेन." हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

पुढच्या शर्यतीच्या नियमपत्रकात मी दोन ओळी घालतो: सुरुवातीच्या जागेपासून गाड्या लांब लावायच्या, आणि कुणाकडे सिरिंज सापडली तर नाव बाद. जिल्ह्यातले बाकीचे आयोजक ओळखीचे आहेत, त्यांच्याशीही बोलतो. आणि भाऊ, पोराला सांगा, आमच्या पट्ट्यातली पोरं रविवारी पालच्या घाटात जातात. यायचं असेल तर सावद्याला एसटीने उतरू दे, तिथून आणायची जबाबदारी माझी.

गिरणाई

सातपुडादादा, उत्तर वाचलं. दोन दिवस विचार करत होते. हो म्हणणार नाही मी. अर्ज टाइप करायचा असेल तर मला द्या, माझं तेच काम आहे.

पांझराकाठ (धागाकर्ता)

काल पोराच्या घरी गेलो. वडिलांना धाग्याची प्रिंट वाचून दाखवली. पोरगा आतल्या खोलीत होता, नंतर बाहेर येऊन बसला. त्याने एवढंच विचारलं की बासाँ आता काय करतो. मी सांगितलं की त्याने पुढे फ्रान्समध्ये सरकारी नोकरीत राहून उत्तेजकविरोधी कामच केलं.

ठरलं ते असं. गिरणाईताई दोन्ही अर्ज टाइप करून देणार. पहिली सही सातपुडाची, प्रत्यक्ष पाहिलेला म्हणून. मग डॉक्टरसाहेबांचं पत्र. शिक्षिकाताई आणि मी पोराला सोबतच्या लोकांनी कसं वागवलं त्याबद्दल वेगळं निवेदन देतोय, कलम २.११चा उल्लेख करून. पोराचं म्हणणं शेवटी, वडिलांच्या सहीने. सोमवारी धुळ्याला औषध प्रशासनाच्या कार्यालयात जातोय, नाडाचा अर्ज त्याच दिवशी ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने.

भरती_धुळे, लॉजवरच्या विक्रीबद्दल तुझं नाव न घेता एक परिच्छेद घातलाय. वाचून सांग.

भरती_धुळे

वाचला. नाव घाला. मी येतो सोमवारी.

वकील_भुसावळ

भरती_धुळे, तुझं नाव घालायचं की नाही ते सोमवारी समोरासमोर बोलून ठरवू, भरतीचा अर्ज चालू असताना घाई नको. पण ये जरूर.

बाकीच्यांना: अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिन्ही बघूनच बाहेर पडा. बाटली अजून पोराकडे असेल तर ती कुणी हाताळू नका, कागदी पाकिटात बंद करून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. सकाळी अकराला मी कार्यालयाच्या दाराशी आहे.